लांब पल्ल्याची सायकलफेरी : निवड कशी करावी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सायकलीसारखा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा आजच्या घडणीची सायकल जन्मालाही आली नव्हती. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल बाजारात आली ती १८८५ च्या सुमारास, आणि हवेचा टायर आला १८८८ साली. तेव्हा विषय या मालेपेक्षा वयाने लहान आहे. परंतु आजचा आमचा खरा विषय सायकल नव्हे, निवड हा आहे. आपल्याला झेपेल आणि तरीही कसोटी पाहील असे एखादे काम माणसाने कसे निवडावे, हा प्रश्न सायकल न चालवणाऱ्यालाही पडतोच. आम्हांला तो सायकलीवर पडला आणि त्याचे उत्तर शोधताना आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूक सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही, म्हणून ती पुढे सांगणारच आहोत.

प्रथम लांब पल्ल्याची फेरी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे या वेडाची परंपरा काही आजची नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटरांचा तो प्रवास. गिअर नाही, धड रस्ते नाहीत, वाटेत वाळवंटे आणि जंगले. आमच्या काळात पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विशीत, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु हे प्रवास ज्याचे त्याने आखलेले. आपण बोलणार आहोत ते आयोजित फेऱ्यांविषयी. म्हणजे जेथे मार्ग, अंतर आणि वेळ दुसऱ्या कोणी ठरवून दिलेली असते आणि आपण नाव नोंदवून त्यात उतरायचे असते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आषाढी वारी ही दुसरे काय आहे? मार्ग ठरलेला, मुक्काम ठरलेले, पंढरपुरी पोहोचण्याची तिथी ठरलेली. कोणी पहिला आला म्हणून त्याला विठोबा आधी भेटत नाही. नाशिकहून तर अलीकडे सायकलींचीही वारी पंढरपुरास जाते. वारीत पहिला-दुसरा नंबर नसतो, पण म्हणून ती सोपी असते असे पायी चाललेला कोणी म्हणणार नाही.

आयोजित फेऱ्यांचे ढोबळपणे तीन प्रकार पडतात. पहिला, अनेक दिवसांच्या सहलीचा. यात सामान गाडीतून पुढे जाते, मुक्कामाला जेवण व अंथरूण तयार असते. दक्षिणेत २००८ सालापासून होणारी ‘टूर ऑफ नीलगिरीज’ ही या जातीची. रोजचे अंतर पुष्कळ असते, घाटही असतात, परंतु रात्री झोप मिळते.

दुसरा प्रकार शर्यतीचा. पुण्याहून गोव्याला जाणारी ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही सहाशे किलोमीटरांवरची शर्यत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. स्पर्धकामागे मदतीची मोटार, तिच्यात चालक, सहायक, खाणेपिणे असा लवाजमा असतो. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या, सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीची ती पात्रता-फेरी. त्या अमेरिकेतील शर्यतीत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांचा संघ करून यश मिळवले. २०१७ साली नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत, पुरी केली. गोकुळनाथ यांचा आदल्या वर्षीचा प्रयत्न अर्धवट राहिला होता, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार ‘ब्रेव्हे’चा. हा शब्द फ्रेंच. १८९७ साली इटलीतील काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे २३० किलोमीटरांचे अंतर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात कापले. त्या धाडसाबद्दल त्यांना ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, म्हणू लागले. तेच नाव पुढे पॅरिसच्या एका क्लबाने घेतले आणि आज जगभरच्या ब्रेव्हेंना मान्यता तो क्लब देतो. भारतात हे काम पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने रुजले. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. हातात एक पत्रिका देतात. वाटेतील ठरलेल्या नाक्यांवर ठरलेल्या वेळेत पोहोचून तिच्यावर नोंद करून घ्यायची. नाक्यांच्या दरम्यान कोणाच्या मोटारीची मदत घ्यायची नाही. पंक्चर झाले तर आपणच काढायचे, भूक लागली तर वाटेतल्या हॉटेलात खायचे. शेवटी वेळेत आला तो उत्तीर्ण. नंबर कोणाचाच नाही.

ब्रेव्हेच्या मुदती अशा : २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस आणि १,००० ला पंचाहत्तर. पहिल्या चार फेऱ्या एका हंगामात पुऱ्या करणाऱ्यास ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. या सर्वांचे मूळपीठ म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली. शार्ल तेराँ नावाचा गडी सुमारे ७१ तासांत, जवळजवळ न झोपता, १,२०० किलोमीटर कापून पहिला आला. आता ती शर्यत राहिलेली नाही. दर चार वर्षांनी भरते आणि सामान्य सायकलस्वाराला नव्वद तासांची मुदत असते. २०१९ आणि २०२३ साली भारतातून पुष्कळ मंडळी गेली. त्यांतील अनेकांना मुदतीत परतता आले नाही. घरी मात्र ती मंडळी मान खाली घालून आली असे आम्ही पाहिले नाही.

आता थोडे गणित करू. २०० ला साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरांहून किंचित कमी. ३०० ला वीस तास म्हणजे ताशी बरोबर पंधरा. ६०० ला चाळीस तास, तेही ताशी पंधराच. मग नवशिक्याला वाटते की, वेग तोच असेल तर दोनशे काय आणि सहाशे काय! या गणितातच आमची फसगत झाली. वेग तोच असतो हे खरे, परंतु त्यात जेवण, पंक्चर, चहा, लघुशंका सर्व धरलेले असते, आणि अंतर वाढले की त्यात आणखी एक गोष्ट येऊन बसते. ती म्हणजे रात्र. सकाळी सहाला निघालेल्याची दोनशेची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. तीनशेची मध्यरात्रीनंतर दोनला. चारशेची दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आणि सहाशेची दुसऱ्या रात्री दहाला. म्हणजे दोनशेची फेरी पायांची परीक्षा घेते, तीनशेची डोळ्यांची घेऊ लागते आणि चारशेपासून पुढे झोपेचा हिशेब ज्याला जमत नाही त्याने उतरूच नये.

आम्ही चौघे स्नेही. वये पंचेचाळीस ते साठ यांच्या दरम्यान. रविवारी साठ-सत्तर किलोमीटर चालवून मिसळ खाऊन परत येणारे. आमच्यातल्या एकाने म्हटले, ‘दोनशे तर कॉलेजची पोरे करतात, आपण एकदम तीनशे घेऊ.’ कोणी विरोध केला नाही. खरे सांगावयाचे तर आम्ही फेरी निवडली नव्हती, आकडा निवडला होता. आणि तोही चारचौघांत सांगायला बरा दिसेल असा.

दिवस ठीक गेला. रात्री बारा वाजले तेव्हा बत्तीस किलोमीटर उरले होते आणि दोन तास उरले होते. म्हणजे ताशी सोळाने, कोठेही न थांबता. त्या वेळी आमचा एक मित्र म्हणाला, ‘अरे, माझे डोळे मिटतायत. पंधरा मिनिटं टेकू या.’ आम्ही तिघांनी त्याला समजावले की आता थांबलो तर दिवसभराची मेहनत पाण्यात जाईल. तो निमूटपणे पुन्हा सायकलीवर बसला. पुढे सात-आठ किलोमीटरांवर, सरळ रस्त्यावर, कोणाचा धक्का नाही की खड्डा नाही, तो सायकलीसकट कडेच्या चरात गेला. त्याला झोप लागली होती. गळ्याजवळचे हाड मोडले. मागून ट्रक येत नव्हता, एवढ्यावरच निभावले. त्याच्या पत्नीला रात्री एक वाजता फोन करताना आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून नीट शब्द फुटेना.

आयोजकांचा यात काडीमात्र दोष नव्हता. दिवे, हेल्मेट, अंगावर चमकणारी पट्टी सर्व तपासूनच त्यांनी सोडले होते. रस्ताही निर्दोष होता. चूक आमच्या निवडीत होती आणि त्याहून अधिक, मित्र थांबू या म्हणाला तेव्हा पत्रिकेकडे पाहणाऱ्या आमच्या नजरेत होती.

हाड सांधले. सात-आठ महिन्यांनी तो मित्रच म्हणाला, ‘या वर्षी कोणती घ्यायची?’ आम्ही चकित झालो. परंतु या वेळी घरात बसून ठरवायचे नाही, आधी सराव करून, आपापला दम पाहून मग नाव घालायचे, असे ठरले. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही गुहागरला मुक्काम केला आणि पहाटे हेदवीच्या वाटेने निघालो. विचार असा की, हेदवीवरून तवसाळ, तेथून बोटीने जयगड, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी गाठायची.

ज्यांनी हा रस्ता मोटारीतून पाहिला असेल त्यांना तो रम्य वाटेल. सायकलीवरून तो वेगळाच दिसतो. कोकणातून देशावर जाताना कुंभार्ली घाटाचा चढ एकदाच असतो. तो संपला की संपला. किनाऱ्याच्या रस्त्याचे तसे नाही. सडा संपला की रस्ता खाडीच्या पाण्यापर्यंत उतरतो आणि लगेच दुसऱ्या सड्यावर चढतो. प्रत्येक चढ आखूड, पण तीव्र. आणि उतारावर मिळवलेला वेग पुढच्या वळणावर ब्रेक दाबून घालवावा लागतो. नकाशावर समुद्रसपाटी म्हणून दिसणाऱ्या या रस्त्यावर दिवसाच्या चढांची बेरीज एखाद्या घाटाहून जास्त भरते. त्यात कोकणची दमट हवा. देशावर घाम वाळतो आणि अंग गार होते. येथे तो नुसता निथळतो. तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जाते. तेव्हा नुसते पाणी ढोसून भागत नाही. मीठ घातलेले कोकम सरबत ही आपल्या आजीने दिलेली देणगी येथे कामाला येते. खाण्याचेही तसेच. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोराने चालवल्यास दीड-दोन तासांत बरीचशी सरते. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता तासाला केळे-दोन केळी, गुळाची पोळी, असे काही तरी पोटात जावे लागते. भूक लागल्यावर खाणाऱ्याला उशीर झालेला असतो.

वेळणेश्वरावरून हेदवीला पोहोचलो तेव्हा पंचवीस किलोमीटरही झाले नव्हते आणि मांड्या भरून आल्या होत्या. दशभुज लक्ष्मीगणेशाचे दर्शन घेतले आणि खाली उमामहेश्वराच्या देवळापाशी, बामणघळीवर गेलो. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. काळ्या कातळाला पडलेली ती अरुंद भेग. भरतीच्या वेळी लाट आत घुसली की पाणी कोंडते आणि उंच उसळते. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती लागत होती. परत येऊन एका टपरीवर चहा घेतला. आमचे घड्याळाकडे पाहणे चालले होते, कारण तवसाळची बोट गाठायची होती. टपरीवरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘अहो, एवढी घाई कसली? बोट चुकली तर तासाभराने दुसरी मिळेल. घाटीत पडलात तर काय करणार?’ आमचा मित्र हसला. आम्ही तिघे हसलो नाही.

मग तेथेच, बाकावर बसून, निवडीचा विषय निघाला. एकाच्या मनात चारशे होते. एकाला शर्यतीची हौस होती. तिसऱ्याचे मत दोनशे. बराच वेळ वाद झाला. पडलेला मित्र तोवर गप्प होता. तो म्हणाला, ‘कोणती घ्यायची ते नंतर ठरवा. आधी मला एक सांगा. मी थांबू या म्हटलं, तर या वेळी थांबणार का?’

मंडळी, आम्ही पुष्कळ पुस्तके वाचली होती, गिअरांच्या दातांची गणिते केली होती, परंतु हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. उत्तर द्यायला आम्हांला वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे. कारण ‘थांबू’ असे म्हणणे सोपे होते. पण बत्तीस किलोमीटर आणि दोन तास उरले असता थांबू का, हे ज्याचे त्याला विचारून पाहावे लागत होते. शेवटी एकेकाने ‘थांबू’ असे म्हटले, आणि नंतर दोनशेची फेरी ठरवायला पाच मिनिटेही लागली नाहीत. ज्या फेरीत थांबायला जागा उरणार नाही ती आपली फेरी नव्हे, हे कोणाला सांगावे लागले नाही.

त्या दिवशी बोट चुकलीच. पुढच्या बोटीने जयगड गाठले आणि दिवे लागता लागता रत्नागिरीत शिरलो.

या अनुभवावरून जे सुचले ते क्रमाने सांगतो. पहिले, मागच्या तीन महिन्यांत एका दिवसात आपण जास्तीत जास्त किती अंतर कापले ते पाहावे. निवडलेली फेरी त्याच्या दुपटीहून मोठी असेल तर एक वर्ष थांबावे. दुसरे, अंतराआधी चढ आणि हवा विचारावी. सोलापूरकडचे दोनशे आणि गुहागरकडचे दोनशे यांत नावाचेच साम्य आहे. तिसरे, मुदत कोणत्या वेळी संपते ते पाहावे. अंधारात किती तास चालवावे लागेल ते मोजावे आणि तेवढे तास आधी सरावात अंधारात चालवून पाहावे. चौथे, मदत कोठे मिळेल आणि कोठे मिळणार नाही, हे नियमांच्या कागदावर नीट वाचावे. शर्यतीत मागे मोटार असते, सहलीत मुक्काम असतो, ब्रेव्हेत आपण आणि आपली हत्यारांची पिशवी. जो पंक्चर काढू शकत नाही त्याने ब्रेव्हेची पत्रिका घेऊ नये. पाचवे, चाळिशी उलटलेल्यांनी डॉक्टरांना छाती दाखवून यावे. यात भित्रेपणा नाही. आणि सहावे, सोबत्यांना आमच्या मित्राचा प्रश्न आधी विचारावा.

कोणी म्हणेल, एवढी खबरदारी घ्यायची तर मग त्यात आव्हान ते काय राहिले? आमचे उत्तर असे की, आव्हान म्हणजे धोका नव्हे. ज्याचा शेवट आपल्या हातात नाही तो जुगार. पूर्ण तयारी करूनही जे जमेल की नाही याची शंका उरते, ते आव्हान. तयारीने शंका संपत नाही. ती फक्त योग्य जागी येऊन बसते.

आता शेवट सांगून आपली रजा घेतो. जानेवारीत आम्ही दोनशेच्या फेरीत उतरलो. संध्याकाळी पाचच्या सुमारास, एकशे साठ किलोमीटर झाल्यावर, आमच्या मित्राने हात वर केला. आम्ही चौघेही थांबलो. एका देवळाच्या पायरीवर तो वीस मिनिटे झोपला आणि ताजा होऊन उठला. शेवटच्या नाक्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा मुदत टळून नऊ मिनिटे झाली होती. आमच्या पत्रिका पॅरिसला गेल्या नाहीत. त्या रात्री चौघांनी बसून हिशेब केला, तेव्हा आढळले की झोपेने वीस मिनिटे घेतली हे खरे, परंतु दुपारी माशांच्या जेवणावर आम्ही तिघांनी मिळून पन्नास मिनिटे घालवली होती, आणि मित्र तेव्हा बाहेर सायकलीपाशी आमची वाट पाहत उभा होता.

पुढच्या हंगामासाठी आम्ही फेरी निवडली आहे. तीच, दोनशेची. जेवणाचा डबा बरोबर नेणार आहोत. झोपेची वीस मिनिटे हिशेबात आधीच धरलेली आहेत.